सहाशे अकरा फोटोंत आक्का नाही

११ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ७.१५

मेघाच्या लग्नाला आज बरोबर दोन आठवडे झाले. लग्नात बाहेरचा फोटोग्राफर न लावण्याचा निर्णय माझा होता आणि तो शंभर टक्के योग्य होता. एकूण फोटो सहाशे अकरा. सगळे मी एकट्यानं काढले. हललेले, डोळे मिटलेले आणि माझा अंगठा आलेले वजा केले तरी सहाशे अकराच राहतात, कारण मी काहीच वजा केलेलं नाही. मुलीचा बाप असून फोटो काढतोय म्हणून हॉलमध्ये लोक कौतुकानं बघत होते. काही जण बाजूला व्हा असंही म्हणत होते.

प्रॉब्लेम एकच. केसरआक्का फोन उचलत नाही.

केसरआक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राहणार पिशोर. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला आक्कानंच सांभाळलं. शाळेत नाव तिनंच घातलं, जन्मतारीखही तिनंच सांगितली. ती चुकीची सांगितली, त्यामुळे मी एक वर्ष उशिरा रिटायर होणार आहे. तिचे उपकार फिटणारे नाहीत.

मिसेस म्हणते, लग्नापासून त्या गप्प आहेत, पिशोरला जाऊन विचारून या. विचारायची गरजच नाही. मला कारण कळलेलं आहे. काल सगळे फोटो पहिल्यापासून बघितले. आक्का एकाही फोटोत नाही. नवरीची सख्खी आत्या, आणि एकाही फोटोत नाही! पत्रिकेत पांढरे कपडे असं स्पष्ट छापलेलं असताना लालनिळ्या चौकडीचा शर्ट घालून आलेला व्याह्यांचा भाऊ एकशे चार फोटोंत आहे. त्याचा एकट्याचा अल्बम होईल. आणि ज्या बहिणीनं मला वाढवलं, ती कुठंच नाही. कुणालाही राग येईल.

संकल्प: महिनाभरात आक्काचा लग्नातला फोटो तयार करून तिच्या हातात देणे. तोपर्यंत तिला तोंड न दाखवणे.

१२ जानेवारी, सोमवार. लंच, २.१०

सापडलं! डबा खाता खाता यूट्यूबवर सापडलं.

एका जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले भरपूर फोटो कॉम्प्युटरला दिले की तो ती अख्खी जागा आतल्या आत उभी करतो. मग आपण त्यात पाहिजे तिथं जाऊन उभं राहायचं. ज्या कोपऱ्यातून कुणी फोटो काढलाच नाही, तिथून ती जागा कशी दिसली असती, तो फोटो हा काढून देतो. जुन्या फोटोंतून नवा फोटो. परत हॉल बुक करायला नको, माणसं गोळा करायला नकोत.

लॉजिक सोपं आहे. आक्का लग्नात होती. लग्नाचे फोटो आहेत. म्हणजे आक्का त्यात कुठंतरी आहेच, फक्त माझी उभं राहायची बाजू चुकली. आता स्टेजच्या मागं जाऊन लोकांकडं तोंड करून बघायचं, की आक्का दिसली. इतकी सोपी गोष्ट आजवर घरात कुणाला सुचली नाही.

व्हिडिओ वीस मिनिटांचा होता. सहा मिनिटं बघितला. पुढं फक्त अटी होत्या.

१३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी

माझ्या लॅपटॉपनं मान टाकली. म्हणे ग्राफिक्स कार्ड पाहिजे. टीव्ही सेंटर चौकात राजकुमारचं गेमिंग सेंटर आहे, तिथं असली मशीन आहेत. राजकुमार तिशीतला, कानात कायम हेडफोन. म्हणाला, अंकल, इस मशीन पे पोट्टे लोगां बंदूका चलाते, तुम क्या चलाते? मी म्हणालो, बहीण शोधायची आहे. तो घाबरला. हेडफोन काढून म्हणाला, पोलीस में दिये क्या?

त्याला समजावून सांगितलं. कोपऱ्यातलं मशीन मला मिळालं. हेडफोन लावायची सक्ती नाही.

१४ जानेवारी, बुधवार

नामविस्तार दिन. सकाळीच विद्यापीठ गेटला जाऊन आलो. ही गर्दी! निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, लहान पोरं खांद्यावर. मिसेस पुस्तकं बघत होती तोवर मी गेटला चारी बाजूंनी फिरून ऐंशी फोटो काढले. ट्रायल म्हणून. तिसाव्या फोटोला एका हवालदारानं चौकशी केली. एकोणसत्तराव्याला त्यानंच, इकडून घ्या, इकडून उजेड चांगला आहे, असं सुचवलं.

दुपारी राजकुमारकडं फोटो मशीनला घातले. दोन तासांनी गेट तयार! काय गेट आलंय! माऊस फिरवला की गेट फिरतं. वर गेलो, खाली आलो, गेटच्या डोक्यावर जाऊन बसलो. मला हसू आवरेना. शेजारच्या मशीनवरची पोरं खेळ थांबवून बघायला आली.

फक्त गर्दी आली नाही. हजारो माणसं, एकसुद्धा नाही. जमिनीवर नुसता धूर. नामविस्तार दिनाच्या दिवशी मोकळं गेट बघणारा मी पहिलाच माणूस असेन. राजकुमार म्हणाला, अंकल, जो हिलता वो नहीं आता, जो खडा रहता उसकोच पकडता ये.

काही हरकत नाही. आपल्या लग्नात लोक फार हलत नव्हते.

१५ जानेवारी, गुरुवार

जावयाचा फोन. प्रणय पुण्यात आयटीत आहे. हुशार आहे, पण आत्मविश्वास कमी. मी प्रोजेक्ट समजावून सांगितला. तो म्हणाला, पप्पा, जे कुठल्याच फोटोत आलं नाही ते त्यातून निघत नाही, मशीन फार तर अंदाज ठोकतं. मी बरं म्हणालो. जावयाला पहिल्याच महिन्यात खोडून काढणं बरं दिसत नाही.

मग मेघानं फोन घेतला. म्हणाली, पप्पा, आत्याकडं जात का नाही तुम्ही? मी म्हणालो, रिकाम्या हातानं कसा जाऊ? ती म्हणाली, आत्याला काय पाहिजे हे तुम्हाला माहीत आहे का? मी म्हणालो, पक्कं माहीत आहे. लग्न झाल्यापासून पोरगी तिच्या आईसारखी बोलायला लागली आहे.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी ४

ऐतिहासिक दिवस. सकाळी दहाला सहाशे अकरा फोटो मशीनला घातले. मशीननं सत्त्याण्णव घेतले. बाकीचे कुठं उभं राहून काढलेत तेच कळत नाही म्हणे. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तीन वाजता निकाल. स्क्रीनवर पांढरं धुकं. लई दाट. त्या धुक्यात ठिकठिकाणी चेहरे लटकलेले, चेहऱ्यांना खाली अंग नाही. एक मेघाचा, एक प्रणयचा, भंतेजींचा अर्धा. वरून पाकळ्या पडताना फोटो काढले होते, त्या पाकळ्या हवेतच डासांसारख्या अडकल्या आहेत. माऊस फिरवला की एक पाकळी जाऊन व्याह्यांच्या नाकाला चिकटते.

कारण राजकुमारनंच शोधलं. नवरीची साडी पांढरी, नवऱ्याचा सूट पांढरा, मागचा पडदा पांढरा, वऱ्हाडी पांढरे, खुर्च्यांची कव्हरंसुद्धा पांढरी. मशीनला एक बाई संपून दुसरी कुठं सुरू होते तेच समजत नाही. मशीननं सगळ्या मावश्यांची मिळून एक मावशी केली आहे. तिचा घेर स्टेजएवढा आहे.

आणि या सगळ्यात कोण स्वच्छ आलंय? व्याह्यांचा भाऊ. चौकडीचा शर्ट. बटणं मोजता येतात. पुढून, मागून, बाजूनं, वरून. मशीननं त्यालाच धरून बाकीचं लग्न लावलंय. मी त्या माणसाबद्दल घरात जे काही बोललो ते सगळं मागं घेतो. पत्रिकेत पांढरे कपडे छापणारा माणूस चुकला. पत्रिका मीच छापली होती, पण मजकूर मिसेसनं वाचून ओके केला होता.

२१ जानेवारी, बुधवार. रात्री ९

तंत्रात प्रभुत्व पाहिजे, म्हणून घरच्या घरी प्रॅक्टिस. आज पोह्यांची डिश. मिसेसला सांगितलं, एकशे वीस फोटो होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि तू पण तिथंच बस, बॅकग्राउंडला. अठ्ठावीस मिनिटं लागली. पोहे गार. मिसेस गरम. शेवटी तिनं एक शेंगदाणा उचलून खाल्ला, आणि सगळी सिरीज बाद झाली. आता मशीनमध्ये तो शेंगदाणा अर्धा आहे, अर्धा नाही.

मिसेस म्हणाली, अहो, दोन तासांवर पिशोर आहे. मी म्हणालो, तुला शास्त्र कळत नाही. ऑफिसला डबा मिळाला नाही.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी १.३०, राजकुमारकडून

पुरावा मिळाला!

आज धुक्यातून धीरानं पुढं गेलो. मेघाच्या चेहऱ्याशेजारून, मावशीच्या घेरातून, थेट स्टेजच्या डाव्या टोकाला. तिथून वळून हॉलकडं बघितलं. ही बाजू माझ्या एकाही फोटोत नीट नाही. तर तिथं एक पांढरी भिंत. हॉलला त्या जागी भिंत नाहीच, तिथं जिन्याकडं जायची वाट आहे. भिंत सरळ, चौकोनी, माणसाच्या उंचीची. आणि भिंतीच्या कडेला चार बोटं.

अंग नाही, चेहरा नाही. भिंत आणि चार बोटं.

राजकुमारला बोलावलं. तो म्हणाला, अंकल, मशीन बंद करो, मेरे को भरोसा नहीं. मी त्याला समजावलं की विज्ञानात भुताला जागा नाही. तो म्हणाला, फिर ये उंगलियां किसकी? प्रिंट काढून घेतली आहे. मिसेसला दाखवणार. ती लग्नात सगळीकडं होती.

२६ जानेवारी, सोमवार. झेंडावंदन करून आल्यावर

मिसेसला प्रिंट दाखवली. चष्मा न लावता म्हणाली, हा थर्माकोल आहे.

मी म्हणालो, कसला थर्माकोल? ती म्हणाली, तुमचाच. उजेड पाडायला आणला होता ना? आणि ही बोटं आक्कांची. तुम्हीच उभं केलं होतं त्यांना.

आठवलं. फोटोग्राफीच्या पुस्तकात वाचलं होतं की खिडकीतला उजेड पांढऱ्या पाटीवरून चेहऱ्यावर टाकला तर नवरी खुलून दिसते. म्हणून दरवाज्याएवढा थर्माकोल नेला होता. धरायला विश्वासू माणूस पाहिजे होतं. आक्का समोर दिसली. तिला डाव्या टोकाला उभं केलं, थर्माकोल हातात दिला आणि सांगितलं, आक्का, फ्रेममध्ये येऊ नको आणि मी सांगेपर्यंत हलू नको. किती शिस्तीत धरला होता! फोटोच्या कडेला तो थोडा थोडा आलाय, एकोणीस फोटोंत. मी ते पांढरं काहीतरी कापून टाकणार होतो.

म्हणजे प्रणय चूक, मी बरोबर. आक्का फोटोंत होतीच. आणि नुसती पाहुणी म्हणून नाही. मी तिला अख्खं लायटिंग डिपार्टमेंट दिलं होतं. मेघाच्या चेहऱ्यावर जो उजेड आहे तो आक्कानं पाडलेला आहे. हे तिला कळलं की राग कापरासारखा उडेल.

हे सगळं मिसेसला सांगितलं. तिनं प्रिंट माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, लवकर जा. कौतुकानंच म्हणाली असणार.

२९ जानेवारी, गुरुवार

नवा प्लॅन. नुसती चार बोटं नेणं बरं दिसणार नाही. पिशोरला जायचं, आक्काला मधे उभी करायची, आणि भोवती फिरून दोनशे फोटो काढायचे. म्हणजे आक्का चारी बाजूंनी मशीनमध्ये येणार. मग तिला उचलायचं आणि लग्नात थर्माकोलच्या जरा अलीकडं ठेवायचं. हवं तर स्टेजच्या मध्यभागी. हवं तर चौकडीच्या शर्टच्या जागी.

एकच अट. आक्कानं हलायचं नाही. न हलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा. परतीच्या बसमध्ये, अक्षर हलतंय

सकाळची पिशोर गाडी पकडली. हर्सूल मागं पडेपर्यंत उभाच, मग जागा मिळाली. पोचलो तेव्हा आक्का विहारातून वंदना करून नुकतीच येत होती. पांढरी साडी! लग्नातलीच. योग म्हणतात तो हा. बरोबर शेजारची आवडाबाई.

आक्का माझ्याशी बोलली नाही. पण आवडाबाईशी बोलली, माझ्यासमोर. म्हणाली, आवडा, त्येला इचार पानी पितो का. मी आवडाबाईला सांगितलं, पितो. पाणी आलं. मग आक्का म्हणाली, आवडा, त्येला इचार, वाट कशी काय चुकला? मी आवडाबाईला सांगितलं, फोटो काढायला आलोय. आक्कानं पदर खांद्यावर सारखा केला. मग आवडाबाईला म्हणाली, काढ म्हण.

अंगणात मधोमध उभी केली. मी म्हणालो, आक्का, मी सांगेपर्यंत हलू नको. आक्कानं माझ्याकडं असं काही बघितलं! आवडाबाईला म्हणाली, ऐकलं का, ह्यो पुन्हा तेच म्हणतोय. म्हणजे सूचना तिच्या लक्षात होती. समाधान वाटलं.

फिरायला सुरुवात केली. मी एक पाऊल डावीकडं, आक्काही एक पाऊल डावीकडं. मी मागं गेलो, आक्काचं तोंड मागं. मी म्हणालो, आक्का, तू सरळच बघ, मला पाठीचे पण पाहिजेत. आक्का आवडाबाईला म्हणाली, सांग त्येला, घरी आलेल्या मानसाला पाठ दावत नसत्यात. आवडाबाईनं स्वतःची भर घातली की पाठीचा फोटू काढून काय फायदा, वळखू येतं का कुणी? गल्लीतल्या चार बाया जमल्या होत्या, त्यांनाही हे पटलं. कुणीतरी म्हणालं, लई दिसानं भाऊ आला, डोळे भरून बघू द्या की तिला.

दोनशे चौदा फोटो. आक्का दोनशे चौदा वेळा समोर. पायाखाली धुळीत गोल वर्तुळ उमटलं. मी म्हणालो काही हरकत नाही, मशीन बघून घेईल. आवडाबाईनं विचारलं, जेवून जाणार का? म्हणालो, नको, येताना फुलंब्रीत भजी खाल्लीत, आणि मशीन बंद व्हायच्या आत पोचायचंय. आक्का आत निघून गेली. भावुक झाली असावी.

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी

निकाल.

आक्का आली आहे. अगदी स्वच्छ. पण माऊस कितीही फिरवा, ती समोरच. उजवीकडून जा, आक्का समोर. मागून जा, आक्का समोर. वरून बघितलं तर आठ नाकं गोल बसलेली, सगळी बाहेरच्या बाजूला. मागची घरं, बाभळीचं झाड आणि आवडाबाई यांचा मात्र लगदा झालाय, कारण मशीनच्या मते आक्का स्थिर होती आणि पिशोर तिच्याभोवती फिरत होतं.

राजकुमारनं स्वतः माऊस फिरवून बघितला. म्हणाला, अंकल, तुम्हारे आपा को पीठच नहीं है. मग हळूच म्हणाला, किधर से भी जाओ, तुम्हारे कू देखते. त्याला गंमत वाटत होती. मलाही वाटली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आक्काला सोळा डोळे, आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. हसता हसता माझं हसू जरा लवकर थांबलं. एसी जास्त होता.

४ फेब्रुवारी, बुधवार

आठ तोंडांची आक्का लग्नात ठेवून बघितली. भंतेजी घाबरलेले दिसतात. काढून टाकली.

चूक तंत्राची नाही. चूक पिशोरच्या चालीरीतींची आहे. माणसानं थोडी पाठ दाखवली तर काय बिघडतं?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंतिम निर्णय. साधेपणातच ताकद असते. भिंत आणि चार बोटं, हाच फोटो मोठा करून फ्रेम केला. काच, सोनेरी कडा, खाली ओळ छापली: प्रकाशयोजना, सौजन्य केसरबाई. फ्रेमवाल्यानं विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, माझी बहीण. त्यानं जास्त काही विचारलं नाही.

मिसेस म्हणाली, फ्रेम नेली नाहीत तरी चालेल, फक्त जा आणि त्यांना बोलू द्या. फ्रेम नेणारच.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.३०, घरी

मोहीम फत्ते. आक्का बोलली! सविस्तर लिहितो.

आज आवडाबाई घरी नव्हती, त्यामुळे आक्काला माझ्याशीच बोलावं लागलं. फ्रेम दिली. आक्कानं पदरानं काच पुसली, लांब धरली, जवळ धरली. मी समजावून सांगितलं. हा थर्माकोल, ही तुझी बोटं, मेघाच्या तोंडावरचा उजेड तुझा. तू एकाही फोटोत नाहीस म्हणून तुला राग आला हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं, महिनाभर राबलो, रजा टाकल्या, हे बघ, आणलं शोधून.

आक्का म्हणाली, फोटूचं तुला कोन म्हनलं?

मी म्हणालो, कुणी नाही. मीच ओळखलं.

आक्का म्हणाली, मला काय करायचाय फोटू? तू म्हनला, मी सांगस्तोवर हलू नको. आन् मंग सांगितलंच नाय. तू फोटू काढीत काढीत खाली गेला, पोरीला गाडीत बसवलं, गाडी गेली. म्या वरून आवाज आयकला. म्हनलं यील आता सांगाया. चार वाजता हॉलवाल्यानं लायटी बंद केल्या, तवा खाली ठिवला त्यो थर्माकोल. जेवायच्या हालात गेले तर भांडे घासून पालथे घातलेले. कोनाला मागू? येष्टी धरली. हात दोन दिस वर होत नव्हते. त्येचं काय नाय, हात काय, कामाचेच हायेत. पन येवढ्या मानसात एकानं बी इचारलं नाय रं, आक्का, जेवली का म्हनून. भाच्चीचं लगीन, आन् म्या उपाशी घरी आले. तू त आजून इचारलं नाय.

हे ती शांतपणे म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मला रडू आलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला येऊ नये तसं आलं. तिच्या हातातली फ्रेम घेऊन उभा राहिलो. आक्का म्हणाली, ठेव ती खाली, हात पाय धू, जेवून जा. राग गेला होता. मी तिला ओळखतो, जेवून जा म्हणाली म्हणजे गेला.

आणि काय जेवण! चुलीपुढं बसून एक एक भाकरी थापत होती आणि गरम गरम माझ्या ताटात टाकत होती. भरलं वांगं, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. मी नको नको म्हणत चार भाकरी खाल्ल्या. जेवता जेवता तिला सगळं सांगितलं, गेटचं, धुक्यातल्या मावशीचं, तिच्या आठ नाकांचं. आक्का इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. लहानपणी हसायची तशी. पाचवी भाकरी टाकायला परातीत हात घातला, तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शेवटची गाडी. तसाच हात धुऊन पळालो. आक्का दारात उभी होती. बस वळेपर्यंत हलली नाही.

घरी येऊन मिसेसला सगळं सांगितलं. कबूलही केलं की चूक माझी होती. इथून पुढं बहिणीची काळजी घेणार, दर महिन्याला जाणार, सगळं सांगितलं. तिचेही डोळे भरले. भाकरीचं ऐकून म्हणाली, वा. चार खाल्ल्या? म्हणालो, चार. वांगं तर शेवटपर्यंत पुसून खाल्लं, पातेलंच पुढं ठेवलं होतं तिनं.

मिसेसनं विचारलं, आणि आक्का? त्या जेवल्या का?

विचारायचं राहिलं.